सिकलसेलची वेदना, सुईची सवय आणि विजयाचे तेल : नंदुरबार जिल्ह्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात राहणाऱ्या पावरा समाजातील 27 वर्षांच्या तरुणाचे आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, कुटुंब आणि काळाचे काही तपशील बदलले आहेत. आजाराचा आणि उपचारांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.

आश्रमशाळेत असताना झालेल्या तपासणीत त्याला सिकलसेलचा आजार असल्याचे निदान झाले होते. तो केवळ वाहक नव्हता, दोन्ही पालकांकडून दोष आलेला रुग्ण होता. भारतात या आजाराची पहिली नोंद 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासी समाजात झाली आणि पुढे मध्य व पश्चिम भारताच्या आदिवासी पट्ट्यात तो ठिकठिकाणी आढळला. नंदुरबारमधील भिल्ल आणि पावरा वस्त्यांना तो चांगलाच परिचित आहे. तांबड्या पेशी वाकड्या व कडक होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडांत असह्य कळा येतात. थंडी, तहान, ताप, अतिश्रम यांपैकी काहीही निमित्त पुरते.

हा तरुण हिवाळ्यात नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या उघड्या मैदानावर, वजनकाट्याचा हिशेब लिहिण्याचे काम करीत असे. पहाटेच्या गारठ्यात उघड्यावर उभे राहायचे आणि दुपारी पाणी न पिता उन्हात बसायचे, हा त्याचा रोजचा क्रम होता. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आलेल्या वेदनेच्या मोठ्या झटक्यात एका खाजगी दवाखान्यात त्याला पेंटाझोसिन या अफूवर्गीय वेदनाशामकाचे इंजेक्शन मिळाले आणि काही मिनिटांत कळ थांबली. त्यानंतर प्रत्येक झटक्याला तेच औषध मिळत गेले. पुढे झटका नसतानाही ते घेतले जाऊ लागले आणि शेवटी तो अँप्यूल (औषधाच्या बंद काचेच्या कुप्या) विकत आणून स्वतःच टोचून घेऊ लागला. पेंटाझोसिन हे परिशिष्ट एच-1 मधील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायचे, औषध आहे आणि अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेतही येते. तरीही मागणी असेल तिथे ते पोहोचते. आमच्याकडे आला तेव्हा तो दिवसाला सहा ते आठ अँप्यूल घेत होता. दोन्ही मांड्यांचे स्नायू लाकडासारखे कडक झाले होते, कातडीवर जुन्या जखमांचे काळे वण होते आणि एका जखमेतून अजून पाणी येत होते.

समोर आलेला प्रश्न

तो काकांबरोबर आला. काकांनी पिशवीतून एक लहान काचेची बाटली काढून टेबलावर ठेवली. ते विजयाच्या पानांच्या अर्काचे तेल होते, म्हणजे भांगेच्या झाडापासून केलेले आयुर्वेदिक परवान्याचे औषध. व्हिडिओ कॉलवर सल्ला घेऊन ते घरपोच मागवले होते. "डॉक्टरसाहेब, पोराची सुई सुटली पाहिजे. या तेलाने सुटते असं मोबाईलवर सांगतात. तीन आठवडे झाले, झोप लागते त्याला. तुम्ही फक्त हो म्हणा," असे ते म्हणाले. बाटलीची किंमत त्या तरुणाच्या जवळपास पंधरवड्याच्या कमाईएवढी होती आणि ती काकांनी उसनवारी करून भरली होती.

मुळात इथे तीन प्रश्न एकमेकांत गुंतले होते. पहिला वेदनेचा. झटक्यांव्यतिरिक्त त्याला उजव्या खुब्यात सतत दुखत होते आणि एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटून तो खचू लागल्याचे दिसले. दुसरा प्रश्न अवलंबित्वाचा. सुई चुकली की आठ-दहा तासांत जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा आणि अस्वस्थता सुरू होई. ही लक्षणे आणि झटक्याची सुरुवात वेगळी ओळखणे त्याला स्वतःलाही जमत नव्हते. तिसरा प्रश्न विश्वासाचा होता. आधीच्या दोन-तीन ठिकाणी त्याला "सुईसाठी नाटक करतो" असे ऐकावे लागले होते. त्यामुळे खरा झटका आला तरी तो दवाखान्यात जाण्याचे टाळत होता. सिकलसेलमध्ये असे टाळणे जिवावर बेतू शकते, कारण छातीतील गुंतागुंत काही तासांत वाढते.

तेलाचा प्रश्न या तिन्हींच्या वर येऊन बसला होता.

तेलामागचा पुरावा

काकांना "हो" किंवा "नाही" म्हणण्याआधी आम्ही उपलब्ध संशोधन नीट पाहायचे ठरवले. विषय खोटा नाही. शरीरात कॅनाबिनॉइडचे, म्हणजे गांजा-भांगेतील सक्रिय द्रव्यांचे, ग्राहक (ती द्रव्ये जिथे चिकटून परिणाम करतात ते पेशींवरील रेणू) असतात. पहिला, सीबी-1, 1990 मध्ये आणि दुसरा, सीबी-2, 1993 मध्ये ओळखला गेला. सीबी-1 मेंदू व मज्जारज्जूत वेदनेच्या मार्गावर आढळतो, बऱ्याच ठिकाणी अफूवर्गीय औषधांच्या ग्राहकांच्या शेजारीच. श्वसन चालवणाऱ्या मेंदूच्या तळाच्या भागात मात्र तो विरळ असतो, म्हणून गांजाच्या घटकांनी अफूप्रमाणे श्वास थांबत नाही. वेदना आणि अफूचे व्यसन या दोन्हींवर एकाच वनस्पतीचा उपाय शोधण्यामागे हा शास्त्रीय आधार आहे. सिकलसेलच्या उंदरांवरील प्रयोगांत कॅनाबिनॉइडने वेदनेची संवेदनशीलता कमी झाल्याचेही दिसले आहे.

माणसांवरील पुरावा मात्र यापेक्षा बराच सावध आहे. सिकलसेलच्या जुनाट वेदनेसाठी नेमका एक अभ्यास आम्हाला उपयोगी पडला. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अमेरिकी चाचणीत 23 रुग्णांना पाच-पाच दिवस टीएचसी (गांजातील नशा आणणारा घटक) आणि सीबीडी (त्यातलाच नशा न आणणारा घटक) जवळपास समप्रमाणात असलेली गांजाची वाफ आणि तशीच दिसणारी निष्क्रिय वाफ आलटून पालटून दिली गेली. वेदनेत संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस फरक पडला नाही. वेदनेमुळे मनःस्थितीवर होणारा परिणाम तेवढा कमी झाला. रुग्ण थोडे आणि दिवसही थोडे, त्यामुळे "उपयोग नाही" असे त्यातून सिद्ध होत नाही. "उपयोग आहे" असेही कोणी त्यावरून म्हणू नये.

एकूण जुनाट वेदनेबाबत तज्ज्ञ संस्थांचे मत विभागलेले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी 2017 मध्ये प्रौढांच्या जुनाट वेदनेसाठी भरीव पुरावा असल्याचे म्हटले. वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2021 मध्ये सरसकट वापराला पाठिंबा देण्यास नकार दिला. 2022 मधील एका संकलनात 20 चाचण्यांचा विचार झाला आणि रुग्णांना जाणवलेल्या आरामापैकी सुमारे 67 टक्के आराम निष्क्रिय औषधानेही मिळत असल्याचे आढळले. हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण उसने पैसे काढून, मोठ्या आशेने आणलेल्या बाटलीचा परिणाम घरात कसा जाणवत असेल याची कल्पना त्यावरून येते.

व्यसनाबाबत सर्वांत उत्साहवर्धक काम 2019 चे आहे. हेरॉइन सोडलेल्या 42 व्यक्तींना दिवसाला 400 किंवा 800 मिलिग्रॅम शुद्ध सीबीडी दिल्यावर, हेरॉइनची आठवण करून देणाऱ्या दृश्यांनी होणारी तलफ आणि चिंता कमी झाली. मात्र या मंडळींनी हेरॉइन आधीच सोडलेले होते. सीबीडीने ते सुटले असे या अभ्यासाने म्हटलेले नाही. आता बाटलीकडे पाहू. लेबलनुसार 30 मिलिलिटर तेलात सर्व घटक मिळून 1500 मिलिग्रॅम अर्क होता. तो सगळाच्या सगळा सीबीडी धरला, जे शक्य नाही, तरी त्या अभ्यासातील मात्रेने बाटली दोन ते चार दिवसांत संपली असती. तरुण ती तीन आठवडे थेंबाथेंबाने वापरत होता. लेबलवर टीएचसी किती आणि सीबीडी किती याचा उल्लेखच नव्हता. भांगेच्या पानांत दोन्ही असतात आणि झोप लागण्यामागे टीएचसीची गुंगी असण्याची शक्यता अधिक होती. अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या 84 सीबीडी उत्पादनांच्या 2017 मधील तपासणीत जेमतेम 31 टक्के लेबले बरोबर निघाली होती आणि 18 उत्पादनांत टीएचसी सापडले होते. त्यामुळे नुसत्या लेबलवर भरवसा ठेवणे आम्हाला शक्य नव्हते.

गांजा मिळाला की लोक अफूवर्गीय औषधे सोडतात, या समजाचाही आम्ही शोध घेतला. 2014 मधील एका गाजलेल्या अभ्यासाने वैद्यकीय गांजाला परवानगी देणाऱ्या अमेरिकी राज्यांत अशा औषधांचे मृत्यू कमी असल्याचे दाखवले. तीच पद्धत 2017 पर्यंतच्या आकडेवारीला लावल्यावर नाते उलटे झाले. ऑस्ट्रेलियात 1514 जुनाट वेदनारुग्णांचा चार वर्षे पाठपुरावा केला गेला. त्यातही गांजामुळे वेदना किंवा अफूवर्गीय औषधांचा वापर कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

पर्यायांचा विचार

आमच्या गटात एक फिजिशियन, एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक आयुर्वेदाच्या वैद्य होत्या. वैद्यांचे मत पहिल्याच बैठकीत स्पष्ट होते. विजया शास्त्रात आहे, तिचे शोधन (दोष काढण्याची प्रक्रिया) करून ती जातिफलादी चूर्णासारख्या कल्पांत वापरली जाते आणि परिशिष्ट ई-1 मध्ये तिची गणना विषारी द्रव्यांत असल्याने ती वैद्याच्या देखरेखीखालीच द्यायची असते. पण अर्काचे थेंब जिभेखाली ठेवून पेंटाझोसिनची सवय सोडवणे हा शास्त्रातील उपयोग नाही, आणि परंपरेच्या नावाने तसे सांगणे रुग्णाची दिशाभूल ठरेल, असे त्या म्हणाल्या.

तेल चालू ठेवून बाकी काही न करणे हा सर्वांत सोपा पर्याय होता आणि काकांना तोच हवा होता. याच्या विरोधात तीन गोष्टी होत्या : मात्रा अज्ञात होती, यकृताच्या चाचण्या आधीच किंचित वाढलेल्या होत्या आणि सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसत होते. सीबीडीच्या चाचण्यांत यकृताची विकरे वाढल्याचे वारंवार नोंदले गेले आहे. शिवाय वाहन चालवताना गुंगीचा धोका होताच, कारण तो मोटारसायकलने घाटरस्त्याने ये-जा करीत असे.

बाटली काढून घ्यायची, रागवायचे आणि पुन्हा वापरू नकोस म्हणून सांगायचे, हा दुसरा पर्याय. यात वैद्यकीय तर्क काही प्रमाणात बरोबर होता, पण परिणाम ठरलेला होता. तो पुन्हा आलाच नसता.

तिसरा पर्याय व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करून सुई एकदम बंद करण्याचा. तिथे व्यसनावर उपचार झाले असते आणि खुबा मात्र तसाच खचत राहिला असता. वेदना शिल्लक ठेवून सोडवलेली सुई पहिल्याच थंडीत परत आली असती, असे आम्हाला वाटले.

चौथा पर्याय बुप्रेनॉर्फिनचा. हे अफूवर्गीय औषध ग्राहकांना घट्ट धरते पण अर्धवटच उद्दीपित करते, त्यामुळे तलफ आणि वेदना दोन्हींवर चालते. वेदनेसाठी दिवसाची मात्रा तीन भागांत विभागून द्यावी लागते. अडचण अंतराची होती. जिभेखालची ही गोळी मान्यताप्राप्त व्यसनमुक्ती केंद्रांमार्फतच मिळते आणि त्याच्या गावापासून असे केंद्र एसटीने अर्ध्या दिवसावर होते.

पाचवा पर्याय वैद्यांनी सुचवला. सिद्ध उपचार आधी पूर्ण करावेत आणि वेदना उरलीच, तर विजयाचा प्रयोग नैतिक समितीच्या मंजुरीने, प्रमाणित मात्रेत, निष्क्रिय तेलाशी आलटून पालटून, एकाच रुग्णावर मोजून करावा.

निर्णयाचे टप्पे

पहिला निर्णय विचारण्याच्या पद्धतीचा होता. लघवीच्या पट्टी-तपासणीत टीएचसी सापडले. ते तेलातून आले की गांजातून, हे पट्टी सांगत नाही. शिरपूर आणि शहादा तालुक्यांत सातपुड्याच्या कडेला कपाशी-तुरीच्या आड गांजाची झाडे सापडल्याच्या बातम्या नेहमी येतात, त्यामुळे हा प्रश्न इथल्या माणसाला लगेच पोलिसांची आठवण करून देतो. मनोविकारतज्ज्ञांनी काकांना बाहेर बसवून, तपासणीचा कागद त्याच्याच हातात दिला आणि हे उत्तर फक्त औषधाच्या मात्रेसाठी हवे आहे असे सांगितले. त्याने मित्रांबरोबर अधूनमधून चिलीम ओढल्याचे मान्य केले. सिकलसेलमध्ये धूर फुप्फुसांना किती घातक ठरतो, हे त्याला तेव्हा पहिल्यांदाच कळले आणि चिलीम त्याने त्याच आठवड्यात थांबवली.

दुसरा निर्णय क्रमाचा होता. त्याची हायड्रॉक्सियुरियाची पुडी घरात धूळ खात पडलेली निघाली. हे औषध "गरम पडते" आणि लग्न जमत नाही, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. या औषधाने प्रौढांमध्ये झटके सुमारे निम्म्याने कमी होतात हे 1995 मध्ये 299 रुग्णांच्या चाचणीत दिसले होते. ज्या आजारात इतका ठोस उपाय हाताशी आहे, तिथे अनिश्चित तेलावर उसनवारी करणे मला दुःखद वाटले. त्याच्या 46 किलो वजनाला अनुसरून मात्रा ठरवली. शुक्राणूंवरील परिणामाची शंका टाळून न देता, ती खरी असल्याचे सांगून त्यावर बोललो आणि दर महिन्याला रक्ततपासणी गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करण्याची व्यवस्था लावली.

तिसरा निर्णय तेलाचा. बुप्रेनॉर्फिन सुरू करताना गुंगी आणणारे दुसरे काही शरीरात नको, या एका कारणासाठी तेल थांबवायला सांगितले. बाटली आम्ही काढून घेतली नाही. ती काकांकडेच राहिली आणि सहा महिन्यांनी त्यावर पुन्हा बोलायचे, असे त्यांच्यासमोर केसपेपरवर लिहिले. मला वाटते, या एका ओळीमुळे ते पुढच्या भेटीला आले.

कार्यवाही

शेवटच्या सुईनंतर बारा तास उलटून गेल्यावर, जांभया आणि अंगावरचा काटा स्पष्ट दिसू लागल्यावर बुप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोनची पहिली 2 मिलिग्रॅमची गोळी जिभेखाली दिली. तीन दिवसांत मात्रा दिवसाला 8 मिलिग्रॅमवर स्थिरावली आणि ती तीन वेळांत विभागली. सुरुवातीचे दिवस तो तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे राहिला. त्यानंतर केंद्राने नियमांच्या चौकटीत आठवड्याची औषधे देण्यास मान्यता दिली आणि गोळ्या कुलूपबंद डब्यात काकूंकडे राहू लागल्या.

झटक्याच्या प्रसंगासाठी एका पानाचे पत्र तयार केले आणि सिकलसेलच्या कार्डाबरोबर प्लास्टिकच्या पाकिटात घातले. त्यात तीनच गोष्टी मोठ्या अक्षरांत होत्या : या रुग्णाची वेदना खरी आहे; पेंटाझोसिन देऊ नये; बुप्रेनॉर्फिन न थांबवता पॅरासिटामॉल, द्रव आणि गरज पडल्यास देखरेखीखाली मॉर्फिन द्यावे, ऑक्सिजनची पातळी आणि छाती तपासावी. खाली रात्रीही उचलला जाणारा फोन क्रमांक होता.

पथारीच्या मालकाशी काका स्वतः बोलले. पहाटेचे काम बदलून दुपारनंतरचे मिळाले, तेही छपराखाली.

परिणाम

पहिल्या वर्षात झटके स्पष्टपणे कमी झाले, पण थांबले नाहीत. पहिल्याच डिसेंबरात मोठा झटका आला. रात्री त्याला ग्रामीण रुग्णालयात नेले, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरांनी पत्र वाचून फोन केला आणि मॉर्फिन सुरू केले. तिसऱ्या दिवशी तो घरी गेला. एका लग्नात मोहाची दारू आणि जागरणानंतर त्याने पुन्हा सुई घेतली. दोन दिवसांनी स्वतःच येऊन सांगितले आणि मात्रा तशीच चालू ठेवली. मांडीची जखम भरली. स्नायूंचा कडकपणा तसाच आहे आणि तो पूर्ण जाणार नाही.

खुब्याची वेदना दहापैकी आठवरून पाचवर आली. चालताना लंगडणे कायम आहे. सहा महिन्यांनी ठरल्याप्रमाणे तेलाचा विषय पुन्हा काढला. झोपेसाठी ते पुन्हा घ्यावेसे वाटते का, असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, "झोप येते आता. दुखणं उरलंय ते खुब्याचं. तेलाने खुबा भरून येत असेल तर सांगा." तसे होत नाही, हे आम्ही त्याला स्पष्ट सांगितले.

वेगळे काय करता येईल

एमआरआय पहिल्या आठवड्यात झाला, म्हणून बरे. ज्या सिकलसेल रुग्णाला अफूवर्गीय सुईची सवय आहे, त्याच्या सततच्या वेदनेचे हाडातील कारण व्यसनाच्या चौकशीआधी शोधावे, हा क्रम आम्ही आता सर्वांसाठी ठेवला आहे. आश्रमशाळेत निदान झाल्यापासून पहिल्या सुईपर्यंत जी वर्षे गेली, त्यांत हायड्रॉक्सियुरियाबद्दल कोणीतरी त्याच्या आईशी पावरीतून बोलले असते, तर पुढचे बरेचसे टळू शकले असते. 1 जुलै 2023 पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा भर तपासणीवर आहे. निदानानंतरच्या वेदनेसाठी ग्रामीण रुग्णालयांत मॉर्फिन आणि ते देण्याचे प्रशिक्षण पोहोचणे मला तेवढेच निकडीचे वाटते. अमली पदार्थविषयक कायद्यातील 2014 च्या दुरुस्तीने मॉर्फिनची वाट बरीच मोकळी केली आहे.

बुप्रेनॉर्फिनसाठीचा प्रवास हा या उपचारातील सर्वांत कच्चा दुवा ठरला. पावसाळ्यात रस्ता बंद झाला, तेव्हा दोन दिवसांच्या मात्रा चुकता चुकता राहिल्या. अशा रुग्णांसाठी पावसाळ्यापूर्वीच जादा दिवसांच्या औषधांची परवानगी मागून ठेवणे शक्य आहे.

विजयाबाबत, एका रुग्णावरील मोजक्या प्रयोगाचा आराखडा आमच्या वैद्य सहकाऱ्यांनी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिक समितीपुढे ठेवला आहे. समितीने दोन अटी घातल्या. प्रत्येक बॅचमधील टीएचसी आणि सीबीडीचे स्वतंत्र प्रयोगशाळेतील विश्लेषण हवे आणि यकृताच्या चाचण्या दर दोन आठवड्यांनी व्हायला हव्यात. पहिल्या अटीसाठी उत्पादकाला पत्र गेले आहे. या तरुणाला त्या प्रयोगात घ्यायचे की नाही, हे खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर उरणारी वेदना पाहून ठरेल. शस्त्रक्रियेसाठी त्याचे नाव यादीत लागले असून तोपर्यंत हायड्रॉक्सियुरिया आणि बुप्रेनॉर्फिन चालू आहे.